दोनदा केंद्रात ठेवलं, तरी गर्द का सुटत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: धाकटा भाऊ २७ वर्षांचा, चार वर्षांपासून ब्राउन शुगर (म्हणजेच गर्द) ओढतो. दोनदा महिना-महिना व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला आणि दोन्ही वेळा घरी आल्यावर पंधरा दिवसांत पुन्हा सुरू झाला. आता कुणीतरी सहा महिन्यांचं केंद्र सुचवलंय, तिथली माणसं म्हणे रात्री घरी येऊन उचलून नेतात. ताई विचारतात, या उपचारांचा खरंच उपयोग होतो का, की नुसता पैसा आणि आशा दोन्ही वाया?

उपयोग होतो, ताई. पण तुमच्या भावाला दोन्ही वेळा जे मिळालं तो उपचाराचा फक्त पहिला आठवडा होता, पुढचे तीन आठवडे मुक्काम होता. गर्दच्या बाबतीत एवढ्यावर थांबलं की पुन्हा सुरू होणं हाच नेहमीचा निकाल असतो. यात त्याची इच्छाशक्ती किंवा तुमच्या घरचे संस्कार शोधत बसू नका.

ब्राउन शुगर म्हणजे भेसळीचं हेरॉइन. शेवटच्या पन्नीनंतर, म्हणजे पन्नीवर शेवटचं ओढल्यानंतर, ६ ते १२ तासांत टर्की (नशा तुटल्याचा त्रास) लागते: जांभया, नाक-डोळे गळणं, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, पायांत गोळे, झोपेचा पत्ता नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती कळसाला जाते आणि आठवडा-दहा दिवसांत ओसरते. वेदनाशामक, जुलाबाची गोळी, क्लोनिडिन (हे देताना रक्तदाब मोजत राहावा लागतो) किंवा उतरत्या मात्रेत ब्युप्रेनॉर्फिन (हेरॉइनच्या जागी देतात ते औषध) देऊन हा काळ सुसह्य करता येतो. इथवर जवळजवळ सगळेच पोचतात. त्यानंतर जे उरतं ते दिसत नाही: तुटक झोप, कशातच मन न लागणं, क्षुल्लक कारणाने उसळणारी तलफ. हे काही महिने चालतं. केंद्रात पुडी मिळत नाही म्हणून तलफ दबलेली असते, ती गेलेली नसते. घरी आल्यावर तोच नाका, तेच मित्र, तोच मोबाइल नंबर.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा स्वीडनमधला आहे. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात हेरॉइनच्या आहारी गेलेली ४० माणसं घेतली होती. निम्म्यांना वर्षभर रोज १६ मिलीग्रॅम ब्युप्रेनॉर्फिन दिलं. उरलेल्या निम्म्यांना सहा दिवस उतरत्या मात्रेत तेच औषध देऊन नंतर औषध नसलेल्या, तशाच दिसणाऱ्या गोळ्या दिल्या. समुपदेशन, गटचर्चा, लघवीची तपासणी दोन्हीकडे सारखी आणि उत्तम दर्जाची होती. वर्षअखेरीस पहिल्या गटातले ७५ टक्के उपचारात टिकले होते. दुसऱ्या गटातला एकही टिकला नव्हता आणि त्यातले चारजण मरण पावले होते. म्हणजे वीसातले चार. चांगलं समुपदेशन मिळूनही हे झालं, हे लक्षात घ्या.

म्हणून तुमच्या भावासाठी पहिली चौकशी सहा महिन्यांच्या केंद्राची नको, ब्युप्रेनॉर्फिनच्या दीर्घ उपचाराची करा. याला ओएसटी (ओपिऑइड सब्स्टिट्यूशन थेरपी) म्हणतात. नॅकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची) ओएसटी केंद्रं मुख्यतः नशा सुईने टोचून घेणाऱ्यांसाठी आहेत. ओढणाऱ्यांसाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा किंवा जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग गाठा. काही सरकारी रुग्णालयांत ‘एटीएफ’ नावाची स्वतंत्र व्यसनोपचार केंद्रंही आहेत. जवळचं ठिकाण १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारता येतं.

घरच्यांचा पहिला आक्षेप ठरलेला असतो: एक नशा सोडवून दुसरी लावताय. आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून सविस्तर सांगते. हेरॉइन मेंदूतल्या ज्या जागांना चिकटतं, त्याच जागांना ब्युप्रेनॉर्फिन चिकटतं, पण अर्धवट काम करतं. एका मर्यादेनंतर मात्रा वाढवली तरी परिणाम वाढत नाही, त्यामुळे श्वास थांबण्याचा धोका हेरॉइनपेक्षा खूपच कमी. परिणाम चोवीस तासांहून जास्त टिकतो, त्यामुळे दर सहा तासांनी पुडीसाठी धावायची गरज संपते. वर गर्द ओढली तरी जागा आधीच अडलेली असल्याने फारशी चढत नाही. सवय झालेल्या माणसाला यातून किक बसत नाही, तो फक्त नॉर्मल राहतो आणि कामाला जातो. शरीराला औषधाची सवय राहते हे खरं आहे. एकदम बंद केलं तर टर्की येते, थोडी सौम्य पण जास्त दिवस चालणारी. पण समोरच्या पारड्यात काय आहे तेही पाहा. २०१७ साली अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेल्या आकड्यांत, ब्युप्रेनॉर्फिन चालू असताना दर हजार माणसांमागे वर्षाला सुमारे ४ मृत्यू होते, उपचार सुटल्यावर साडेनऊ. मेथाडोन या अशाच दुसऱ्या औषधाचे आकडे ११ आणि ३६ असे होते. व्यसनोपचारात या औषधांइतके मृत्यू कमी करणारं दुसरं काही आपल्या हातात नाही.

हा उपचार फसतो तो बहुतेक वेळा ठरावीक ठिकाणीच. पहिला डोस लवकर दिला, तर ब्युप्रेनॉर्फिन हेरॉइनला ढकलून स्वतः बसतं आणि तासाभरात जबरदस्त टर्की उसळते. असा अनुभव आलेला रुग्ण परत येत नाही, उलट ‘ती गोळी विष आहे’ असं चार जणांना सांगतो. म्हणून शेवटच्या पन्नीनंतर किमान १२ तास थांबायचं, आणि नुसतं घड्याळ न बघता अंगावरची लक्षणं बघायची: बाहुल्या मोठ्या, अंगावर काटा, जांभया, नाडी जलद. डॉक्टर यासाठी अकरा मुद्द्यांचं गुणांकन वापरतात. गुण ८ च्या वर, बरेचजण १२ च्या वर, गेल्यावरच सुरुवात करतात. मग २ किंवा ४ मिलीग्रॅम, एक-दोन तास निरीक्षण, गरज पडली तर पुन्हा. पहिल्या दिवशी एकूण साधारण ८ पर्यंत. पुढच्या काही दिवसांत बहुतेकांची मात्रा ८ ते १६ वर स्थिरावते. भाऊ शेवटचं कधी ओढलं हे खोटं सांगणार असेल, तर ते खोटं त्यालाच महागात पडेल, हे त्याला आधी नीट समजावून सांगा.

गोळी गिळली तर जवळजवळ वाया. ती जिभेखाली विरघळू द्यायची असते, ५ ते १० मिनिटं. आधी घोटभर पाण्याने तोंड ओलं करायचं, तोंडात तंबाखू-गुटखा नको, बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही. विरघळली की पाण्याने चूळ भरायची आणि दात घासायला तासभर थांबायचं, नाहीतर दात किडतात. ‘गोळी लागू पडत नाही’ या तक्रारींतल्या बऱ्याच नुसत्या एवढ्याने मिटतात.

त्याहून मोठी चूक कमी मात्रेची. डॉक्टर घाबरून २ मिलीग्रॅमवर ठेवतात, तलफ राहते, रुग्ण मध्येमध्ये ओढतो, मग त्यालाच बेशिस्त ठरवून औषध बंद. हे उलटं आहे. वर ओढतोय म्हणजे आधी मात्रा वाढवायचा विचार करायचा. काही गोळ्यांत नालोक्झोन (हेरॉइनसारख्या नशेचा परिणाम तोडणारं औषध) मिसळलेलं असतं ते फक्त कुणी विरघळवून टोचू नये म्हणून. जिभेखाली ते फारसं शोषलं जात नाही. आणि एक सक्त इशारा: ब्युप्रेनॉर्फिनवर दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या तर श्वास मंदावू शकतो.

झोपेच्या गोळ्यांचा विषय इथेच काढते, कारण गर्द ओढणारे बरेचजण सोबत ‘बटन’ किंवा ‘कुत्ता गोळी’ घेतात, म्हणजे नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम वगैरे. त्या एकदम बंद झाल्या की आकडी येऊ शकते. केंद्रात भरती करताना ‘फक्त गर्द’ असं लिहून दिलं जातं, आणि दोन-चार दिवसांनी मुलगा झटके देऊन पडतो. दारूचंही तसंच: शेवटच्या पेगनंतर ६ ते ४८ तासांत आकडी, दोन ते चार दिवसांत भ्रम आणि थरथर, आणि उपचार न मिळाल्यास मृत्यूही. भावाच्या खिशात, उशीखाली कोणत्या स्ट्रिप मिळतात ते बघा आणि डॉक्टरांना दाखवा. या गोळ्या आठवड्यांच्या हिशोबाने हळूहळू उतरवाव्या लागतात.

आता जे कुणी सांगत नाही ते. महिनाभर गर्द बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते, पण हात मात्र जुन्या मापानेच पन्नीवर टाकतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यांत जीवघेणे असतात ते यामुळे. घोरल्यासारखा घरघरता किंवा अगदी तुटक श्वास, निळे ओठ, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, हलवूनही जाग नाही, असं दिसलं की १०८ ला फोन, श्वास नसेल तर तोंडाने श्वास देत राहायचं, श्वास असेल तर कुशीवर वळवायचं. अंगावर पाणी ओतू नका, मिठाचं पाणी पाजू नका. रुग्णालयात नालोक्झोनचं इंजेक्शन देतात. माणूस दोन-तीन मिनिटांत डोळे उघडतो, पण त्याचा परिणाम अर्ध्या ते दीड तासात उतरतो आणि अंगातली नशा अजून उरलेली असते. त्यामुळे ‘शुद्धीवर आला, चला घरी’ करू नका.

नाल्ट्रेक्झोनबद्दलही तुम्हाला कुणी सांगेल. रोज ५० मिलीग्रॅमची गोळी, नशा चढूच देत नाही. कागदावर छान वाटतं. ती सुरू करायला ७ ते १० दिवस पूर्ण गर्दमुक्त असावं लागतं, आणि गोळी न घेण्याची मुभा रोज रुग्णाच्या हातात असते. तलफेवर तिचा जोर फार चालत नाही. बहुतेकजण काही आठवड्यांत सोडतात. नोकरी पणाला लागलेली आहे, घरातलं कुणी रोज समोर बसून गोळी देतं, अशा माणसांत ती चालते. तुमच्या भावाच्या आजच्या परिस्थितीत ती पहिली निवड नव्हे.

मग केंद्रात ठेवणं चुकीचंच का? नाही. राहायला सुरक्षित जागा नसेल, घरातच दुसरं कुणी ओढत असेल, आत्महत्येचे विचार किंवा मनोविकार सोबत असेल, बाह्यरुग्ण उपचार दोनदा फसला असेल, तर निवासी उपचाराचा खरा फायदा होतो, आणि तीन महिन्यांहून कमी सहभागाचा परिणाम सहसा तोकडा पडतो. महाराष्ट्रात याची चांगली परंपरा आहे. पु. ल. देशपांड्यांच्या देणगीतून १९८६ साली येरवड्याला डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं. रुग्णाच्या पत्नीला उपचाराचा भाग मानणं, बाहेर पडल्यावर पाठपुरावा करणं, बरे झालेल्यांनीच नव्यांचा हात धरणं, या गोष्टी तिथून इथल्या केंद्रांत रुजल्या. वाईट केंद्रांतून नेमक्या याच गोष्टी गायब असतात.

पण रात्री येऊन उचलून नेणारं केंद्र? तिथे पाठवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये व्यसनाशी निगडित विकार येतात. अशा आस्थापनेची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी असावी लागते. रुग्णाच्या संमतीशिवाय भरतीला कलम ८९ लागतं: नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज, आधीच्या सात दिवसांत एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी स्वतंत्रपणे केलेली तपासणी, स्वतःच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका किंवा स्वतःची काळजी घेण्याची अक्षमता अशी कारणं, आणि मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. साखळीने बांधणं याच कायद्याने सरळ बंदी घातलेलं आहे. नैतिकता क्षणभर बाजूला ठेवली तरी, मारहाण आणि अपमान यांनी गर्द सुटत नाही. त्यातून भाऊ एवढंच शिकेल की घरच्यांना खरं सांगायचं नाही.

केंद्र बघायला जाल तेव्हा नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री आकडी आली तर कुणाला बोलावता, ओएसटी चालू असलेल्याला भरती करता की औषध बंद करायला लावता, घरच्यांना कधी भेटू देता, आणि बाहेर पडल्यानंतर सहा महिने काय करता, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला ‘अडचण आली तर फोन करा’ एवढंच उत्तर मिळालं तर पुढे चला. ‘शंभर टक्के गॅरंटी’ म्हणणाऱ्याच्या दारातूनच परता. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या तुलनेत व्यसनांत पुन्हा सुरू होण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के होतं, तर रक्तदाब आणि दम्यात लक्षणं उलटण्याचं ५० ते ७०. रक्तदाबाच्या रुग्णाला गोळी चुकली म्हणून कुणी रुग्णालयातून हाकलत नाही.

इतर नशांचं गणित वेगळं आहे, थोडक्यात सांगते. एमडीवर, म्हणजे २०१५ पासून अमली पदार्थ कायद्याखाली आलेल्या मेफेड्रोनवर, ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध नाही. नशा उतरताना येणारं नैराश्य आणि संशयीपणा यांवर लक्ष ठेवावं लागतं. उत्तेजक नशांत सर्वांत जास्त पुरावा आहे तो स्वच्छ लघवीच्या प्रत्येक तपासणीला लगेच छोटं बक्षीस देण्याच्या पद्धतीचा. ऐकायला बालिश वाटतं, पण काम करते. बक्षीस थांबलं की परिणाम ओसरतो, म्हणून सोबत समुपदेशन लागतं. गांजालाही औषध नाही. चिडचिड, निद्रानाश, भडक स्वप्नं पहिल्या आठवड्यात जास्त असतात आणि दोनेक आठवड्यांत कमी होतात.

समुपदेशनाला मी कमी लेखत नाही. औषध तलफ खाली आणतं, रिकामा झालेला दिवस भरत नाही. तलफेच्या वेळी काय करायचं याची तालीम, पुडीवाल्याचा नंबर पुसणं, पगाराच्या दिवसाचं नियोजन, जुनी देणी फेडायचा आराखडा, कामावर परतणं, हे समुपदेशकाचं काम. नार्कोटिक्स ॲनॉनिमस या नशा सोडणाऱ्यांच्या परस्पर-मदत गटाच्या सभांतून अनेकांना सोबत मिळते. काही गटांत ‘औषध घेणारा स्वच्छ नाही’ असं मानतात. भावाने तसं ऐकून गोळी सोडू नये, गट बदलावा.

आणि तुम्ही. तो येत नसेल तर ‘त्याला गटांगळ्या खाऊ द्या’ हा सल्ला पाळू नका. १९९९ सालच्या एका अभ्यासात दारूग्रस्तांच्या नातेवाइकांना तीन मार्ग दिले होते. व्यसनी माणसाशी कसं बोलायचं आणि चांगल्या दिवसांना कशी दाद द्यायची हे शिकवलेल्या नातेवाइकांपैकी ६४ टक्के आपल्या माणसाला उपचाराला आणू शकले. सगळ्यांनी मिळून एकदम जाब विचारण्याच्या पद्धतीत ३० टक्के, आणि नुसतं स्वतःला अलिप्त ठेवायला शिकवलं तिथे १३ टक्के. भाऊ नशेत असताना वाद नको, पैसे नकोत. तो शुद्धीत, निवांत असेल तेव्हा बोला, आणि उपचाराची वेळ आधीच घेऊन ठेवा, म्हणजे ‘हो’ म्हटल्या दिवशी जाता येईल. टर्की लागलेली सकाळ ही ‘हो’ म्हणण्याची सगळ्यांत शक्य वेळ असते, आणि पहिल्या डोसालाही तीच योग्य असते.

घरी लघवीच्या पट्ट्या आणून धाडी घालू नका, शिवाय त्या नीट वाचायला याव्या लागतात. गर्द मॉर्फिनच्या पट्टीवर दिसते, तीही दोन-तीन दिवसच. रोज गांजा ओढणाऱ्याची पट्टी महिनाभरही पॉझिटिव्ह राहू शकते. ट्रामाडोल (नशेसाठीही वापरलं जाणारं वेदनाशामक) आणि ब्युप्रेनॉर्फिन त्या पट्टीवर दिसत नाहीत, त्यांना वेगळ्या पट्ट्या लागतात, आणि मेफेड्रोन तर साध्या किटमध्ये नसतंच. त्याने कधी टोचून घेतलं असेल तर एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी-सीची तपासणी पहिल्या भेटीतच करा. हिपॅटायटिस सी बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो आणि राष्ट्रीय कार्यक्रमात त्या मोफत मिळतात.

रुग्णालयात गेलं तर पोलीस येतील ही भीती बाळगू नका, उपचाराची माहिती गोपनीय ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. उलट अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात (हेरॉइनसाठी ५ ग्रॅमपर्यंत) अडकलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते जाऊ शकतं.

उपचार लागू पडतोय का हे ‘एकदाही ओढली नाही’ यावर मोजू नका. तीन महिन्यांनी बघा: औषधाला नियमित जातोय का, आठवड्यातले ओढण्याचे दिवस कमी झाले का, झोप आणि वजन सुधारलं का, उधारी थांबली का, कामावर किती दिवस गेला. एखादी चूक झाली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं आणि तेव्हा मात्रा उतरवायची नाही. औषध किमान वर्षभर, बऱ्याचजणांना त्याहून बरंच जास्त लागतं. थांबवायचं तेव्हा काही महिने घेऊन दर दोन-चार आठवड्यांना थोडं थोडं कमी करतात. शेवटचे २ मिलीग्रॅम सगळ्यांत अवघड जातात, तिथे ०.४ च्या गोळ्या कामी येतात. उतरवताना तलफ परतली तर आधीच्या मात्रेवर यायचं, आणि शेवटच्या गोळीनंतरही निदान सहा महिने दर महिन्याची भेट चालू ठेवायची.